जतहून आणलेली छापरी

कृष्णाकाठ, सातारा जिल्हा

परत आल्यावर ज्याने त्याने विचारलं, "कास पाहिलंस का? कंदी पेढे आणलेस का?" पेढे आणले होते. कास पाहिलं नाही. हातकागदाचं एक लहानसं संग्रहालय पाहून दुसऱ्या दिवशी परतायचं, असं ठरवून मी घरून निघाले होते. प्रत्यक्षात आठवडाभर तिकडेच राहिले. काय घडलं ते तोंडी सांगायला लागले की मला मध्येच थांबावं लागतं, म्हणून लिहायला बसले आहे.

नाशिकला माझं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, नवऱ्याने चालवलं, आता मी चालवते. कोर्टाच्या फायली आणि शाळांची ग्रंथालयं यांच्यावर आमचं भागतं, पण मधूनच एखादी जुनी पोथी दुरुस्तीला येते आणि हात थबकतो. मशीनचा कागद म्हातारा झाला की कडेने तुटत जातो. पोथीचा कागद घडी घातली तरी मोडत नाही, सुती कापडासारखा वळतो. असा कागद व्हायचा कुठे, करायचं कोण, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत असे. एका गिऱ्हाइकाने सांगितलं, कऱ्हाडच्या अलीकडे एका गावात कागदी लोकांची वस्ती होती, आणि गावानेच आता त्या कामाचं संग्रहालय केलं आहे. मार्चमध्ये शाळांचं काम मंदावलं, तशी माझी जुनी गाडी काढली आणि एकटीच निघाले.

संग्रहालय म्हणजे शाळेची जुनी इमारत. कौलारू, तीन खोल्या, मागे शेड आणि शेडच्या मागे नदीपर्यंत उतरत गेलेला ऊस. कारखाने बंद व्हायला आले होते, उरलासुरला ऊस ओढून नेणारे ट्रॅक्टर रस्त्यावरून गाणी लावून जात होते. दार उघडायला एक बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायांच्या बोटांना चुन्याने पडलेल्या भेगा.

"मी रेखा कांबळे," त्या म्हणाल्या. "झाडलोटीला आली हुती हितं. आता दाखवायचं पण मीच दाखवती. या."

पहिल्या खोलीत अंबाडीचे दोर आणि जुन्या गोणपाटाचे तुकडे, कागद ज्यापासून होतो ते. दुसरीत पायाने कुटायची लाकडी ढेकी. दोर चुन्यात भिजवायचे, ढेकीने कुटायचे, नदीत धुवायचे, पुन्हा कुटायचे. पिठल्यासारखा लगदा होईपर्यंत. तिसऱ्या खोलीत कागद घोटून गुळगुळीत करायचे दगड, आणि एक काचेची पेटी. पेटीत गवताच्या काड्यांची एक चटई, मधोमध फाटलेली. काड्या बाहेर आल्या होत्या.

"ही छापरी," रेखा म्हणाल्या. "हौदातल्या पाण्यात लगदा कालवायचा, ही छापरी चौकटीवर ठिवून बुडवायची आन उचलायची. पाणी खाली जातं, वर जे ऱ्हातं त्यो कागद." मग थोडं थांबून, "माज्या हातनं फाटली."

मला वाटलं, फाटलेली वस्तू म्हणूनच पेटीत ठेवली असेल. पण तसं नव्हतं. गावातले शेवटचे कागद करणारे दस्तगीरचाचा कागदी दोन वर्षांपासून रेखाला काम शिकवत होते. झाडू मारता मारता मागच्या शेडमध्ये, त्यांच्या हौदा-ढेकीजवळ ती रेंगाळायची. चाचांच्या बायकोचे, हमीदाचाचीचे, गुडघे गेले तेव्हा कुटायला माणूस उरला नाही. चाचांनी विचारलं, "पायात जोर हाय का तुज्या?" तिथून सुरुवात. कुटणं झालं, धुणं झालं, घोटणं झालं. छापरी उचलणं तेवढं राहिलं होतं. ते सगळ्यात शेवटी शिकवायचं असतं म्हणे. चाचांची स्वतःची छापरी तोवर झिजून गेली होती, म्हणून पेटीतली काढली. गावातली मंडळी नको म्हणत होती. चाचांनी ऐकलं नाही. वर्षानुवर्षं सुकलेलं गवत पाण्यात गेलं, रेखाने उचललं आणि अंगठा आरपार गेला.

"चाचा रागावले?"

"न्हाई वो. हसले. 'म्हातारी हुती, गेली' म्हनले." रेखाने पेटीची काच पदराने पुसली. ती स्वच्छच होती. "त्येच्यानंतर आठ दिसांत त्ये अंथरुनाला टेकले. मूत्रपिंड कामातनं गेल्यात. दवाखान्यातनं घरी न्या म्हनून सांगितलं."

चाचांचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे होतं. ओसरीवर खाट टाकली होती. माणूस उंच असावा, आता उशीवर मावेल एवढाच राहिला होता. मी पुस्तकं बांधते हे कळल्यावर त्यांनी चाचीला आतून एक ताव आणायला लावला. स्वतःच्या हातचा, किंचित पिवळसर, घोटून घोटून चमकणारा. दोन बोटांत धरून माझ्या कानापाशी हलवला.

"ऐका. वाजतोय का?"

पातळ पत्र्यासारखा आवाज आला.

"वाजला म्हंजी हातानं सारखा उचललाय. एका अंगाला जाड झाला की गप ऱ्हातुया." एवढं बोलून त्यांना धाप लागली. मग छताकडे बघत म्हणाले, "हिला उचलायचं दावायचं राहिलं. पोरगी तयार हाय, मी बी हाय अजून. छापरीच न्हाई."

ती छापरी विणणारी माणसं वेगळी असतात. कागद्यांना ती विणता येत नाही. वर्षातून एकदा गाढवावर सामान घालून एक नवराबायको सगळ्या कागदी गावांतून फिरायचे, नव्या छापऱ्या द्यायचे, जुन्या बांधून द्यायचे. नवरा गेला, फिरणं थांबलं. बाईचं नाव मल्लव्वा. चाचांना ती शेवटची भेटली ती म्हसवडच्या जत्रेत, घोंगड्यांच्या बाजारात. त्यालाही पुष्कळ वर्षं झाली.

"मी उद्या म्हसवडला जाती," रेखा म्हणाली. "यष्टीनं."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हाला भेटून तासही झाला नव्हता. "तुमची गाडी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

त्या रात्री मला चाचीने जेवायला ठेवून घेतलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण आणि शेंगदाण्याचा खर्डा. आमच्याकडे ठेचा म्हणतात, पण तो इतका तिखट नसतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशी चाची म्हणाली, "आमी कुनाला रडवायला मिरच्या न्हाई घालत बगा," आणि स्वतःच डोळे पुसायला लागली. मिरचीचं निमित्त आम्हा दोघींनाही बरं पडलं.

म्हसवड

सकाळी निघालो. कृष्णेचा हिरवा पट्टा संपायला वेळ लागत नाही. चढ चढून वर आलो की ऊस गायब, मग ज्वारीचे सड, कडब्याच्या गंजी, आणि पुढे माणदेशाचं उघडं बोडकं माळरान. नाशिककडे सिन्नरच्या पुढे असा मुलूख लागतो, पण इथला वारा जास्त कोरडा. ओठ फुटतात.

रेखा मागे बसली होती, मांडीवर छापरीची रिकामी लाकडी चौकट घेऊन. पुढे या म्हटलं तर म्हणाली, चौकट मावणार नाही. अहो-जाहो मी कधी सोडलं ते आठवत नाही. बहुतेक गाडी पंक्चर झाली तेव्हा. म्हसवडच्या अलीकडे चाक बसलं, आणि जॅक कसा लावायचा यावरून आमचं चांगलंच वाजलं. शेवटी तिनेच लावला. तिचा नवरा टेम्पोवर क्लीनर होता, लग्नानंतर काही वर्षांतच घाटात गेला. तोवर तिने जॅक लावायला शिकून घेतलं होतं. हे तिने चाक फिरवता फिरवता सांगितलं, मान वर न करता.

"कागद शिकायला घरून विरोध नाही झाला?" मी विचारलं.

"सासू म्हनली, मुसलमानाचं काम आपन कशापायी शिकायचं. चाचीला बी त्यांची मानसं बोलली, कांबळ्याची बाई हौदात हात घालती म्हनून. मग सासूबाई एकदा आल्या बगायला. मी वाळलेला कागद भित्तीवरनं सोडवत हुती. त्या म्हनल्या, अगं, भाकरी सुटावी तसा सुटतोय की. त्येच्यानंतर काय बोलल्या न्हाईत."

"आणि चाचांचा मुलगा?"

"त्येचं मिरजंला ग्यारेज हाय. त्येला शिकायचं हुतं. चाचांनीच दिलं न्हाई. उपाशी मरशील म्हनले." नट आवळून ती उठली. "आता त्यास्नी वाईट वाटतं. पर पोरगा सुखात हाय, तवा बोलून दावत न्हाईत."

म्हसवडला सिद्धनाथाचं देऊळ मोठं आहे, दगडी, आत गार. रेखा बाहेरच थांबली, चौकट भिंतीला टेकवून. मी दर्शन घेऊन आले तोवर तिने घोंगड्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला गाठलं होतं. त्याने चौकट उलटीपालटी करून पाहिली, नाकाशी नेऊन हुंगलीसुद्धा.

"मल्लव्वा व्हय? गवतवाली? हाय की. जतच्या पल्याड, पार कर्नाटकाच्या शिवंला. पर डोळं गेल्यात तिचं."

रेखाने चौकट त्याच्या हातातून परत घेतली.

"आवं, डोळं गेल्यात," म्हातारा म्हणाला. "बोटं हायत अजून."

जत

जतकडचा रस्ता सरळ आणि सपाट, क्षितिजापर्यंत मेंढरं. गावांच्या तोंडाशी घागरींच्या रांगा, टँकरची वाट बघत. माणसं जवळपास नाहीत. घागरी तेवढ्या आपापला नंबर धरून. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवस आलं नाही तर नगरसेवकाच्या दारात जातात लोक. इथे कुणी तक्रार करताना दिसलं नाही. दुपारी एका घरापाशी पाणी मागितलं तर बाईने तांब्या भरून दिला आणि आम्ही पिऊन होईपर्यंत बघत उभी राहिली. मी शेवटचा घोट तांब्यात तसाच ठेवून परत दिला. ती म्हणाली, "पी की, यव्वा. सांडू नगंस म्हंजी झालं."

मल्लव्वाचं घर सापडलं तेव्हा उन्हं कलली होती. मेंढवाड्याला लागून दोन खणांचं घर, सून भाकऱ्या थापत होती. "बर्री, कूडरी," म्हातारी म्हणाली, म्हणजे या, बसा. दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा. रेखाने चौकट तिच्या हातात दिली. म्हातारीची बोटं कोपऱ्यांवरून फिरली, एका जोडावर थांबली.

"ही दस्तगीरची," ती म्हणाली. "हा सांधा माज्या मालकानं केलाय. दस्तगीर हाय व्हय अजून?"

"हायत," रेखा म्हणाली. "लय आजारी हायत. त्यांनीच धाडलंय मला. छापरी पायजे."

मल्लव्वाने चौकट मांडीवर घेतली. मग सुनेला कानडीत काही सांगितलं. सुनेने शिडी लावून आढ्याला बांधलेली एक मोळी खाली काढली. धूर खाऊन तांबूस झालेलं बारीक, सरळ गवत. पूर्वी ते ओढ्याकाठी यायचं, ओढा आटला तसं गवतही गेलं. ही मोळी शेवटची. एका लहान छापरीपुरती.

"कुनीतरी येईल म्हून ठिवली हुती," सून म्हणाली. "मी चुलीत घालाय निघाले की वराडायची माज्यावर."

गवताच्या काड्या एकीला एक जोडून विणायच्या त्या घोड्याच्या शेपटीच्या केसांनी. दोऱ्याने चालत नाही. दोरा पाण्यात फुगतो आणि त्याचा वण कागदावर उमटतो. आता घोडा आणायचा कुठून? जतमध्ये वरातीला घोडा देणारा एकजण होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या दारात. पांढरी घोडी, कपाळावर गोंडे. मालकाने आमचं सगळं ऐकून घेतलं.

"कागदाला शेपटी?" तो म्हणाला. "बाई, लगीनसराई हाय. बांड्या शेपटीच्या घोडीवर कुठला नवरदेव बसंल?"

रेखाने त्याला समजावायचा प्रयत्न केला. मीही केला. शेवटी रेखा म्हणाली, "दादा, एक म्हातारा मरायला टेकलाय. त्येला एकदा कागद उचलून दावायचाय मला."

माणसाने टोपी मागे सारली. घोडीच्या मागे गेला आणि शेपटीच्या आतल्या बाजूचे केस, वरून दिसू नयेत असे, कात्रीने कापून आणले. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

मल्लव्वा अंगणात बसली. चौकट पुढ्यात, उजवीकडे केस, डावीकडे रेखा. रेखाने काडी द्यायची, म्हातारीने ती ओठांवरून फिरवून पाहायची. सरळ असली तर विणायची, वाकडी असली तर थुंकल्यासारखं करून टाकून द्यायची. मी आयुष्यभर शिलाई केली आहे, पण अशी संथ आणि न चुकणारी बोटं पाहिली नव्हती. मी केस निवडून द्यायला बसले. दुपार झाली. सूर्य फिरेल तशी आम्ही चौकट सावलीत सरकवत होतो. सुनेने हुलग्याचं माडगं दिलं. आमच्याकडे हा पदार्थ आजारी माणसालाच देतात. इथे उन्हात काम करणाऱ्याला देतात, आणि खरंच बरं वाटतं.

अर्धी छापरी झाली होती तेव्हा रेखाचा फोन वाजला. चाची होती. मी शेजारी असल्यामुळे सगळं ऐकू आलं.

"बेटी, आज काय खात न्हाईत. पानी बी न्हाई. यितीस का निघून?"

रेखाने माझ्याकडे पाहिलं. मग छापरीकडे. काड्यांचा अर्धा भाग विणलेला, उरलेल्या सुट्या केसांच्या बटा वाऱ्यावर हलत होत्या. "चाचास्नी द्या फोन," ती म्हणाली. आणि स्पीकर लावला.

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग, "गावली का मल्लव्वा?"

"गावली. अर्दी झाली छापरी. चाचा, मी येऊ का? का थांबू?"

उत्तर मल्लव्वानेच दिलं. फोनच्या दिशेला तोंड करून ती ओरडली, "ए दस्तगीरभाऊ! ही हुईपतुर दम धर! मोळी संपलीया माजी, फुकट घालवू नगंस!"

पलीकडे हसण्यासारखा, खोकल्यासारखा आवाज आला. "घेऊनच ये," चाचा म्हणाले. "मी हाय."

रेखा थांबली. मीही थांब असंच म्हणाले. तो निर्णय चूक की बरोबर, यावर मी नंतर फार विचार केला आहे आणि अजूनही मला सांगता येत नाही. त्या वेळी आम्हाला दोघींना वाटलं, चाचा ज्याची वाट बघताहेत ते आपण मध्ये टाकून कसं जायचं.

अंधार पडला तशी म्हातारी थांबली. तिला अंधाराचं काय, असं मला वाटलं होतं. पण ती म्हणाली, रात्री गवत ओलावा धरतं, तेव्हा विणलं तर सकाळी सैल पडतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच बसली. ऊन तापायच्या आत शेवटची काडी बसवली, टोकं कापली, छापरी गुंडाळली, उलगडली. पुन्हा गुंडाळली. मग ती रेखाच्या हातात देऊन म्हणाली, "आता माज्याकडं कुनी यिऊ नका. माज्याकडं काय न्हाई आता."

रेखा तिच्या पाया पडली. म्हातारीने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, काडी तपासताना फिरवायची तसा.

पलूस

तासगावच्या बाजूला आलो तसं मला घरी आल्यासारखं वाटायला लागलं. द्राक्षांचे मांडव, बेदाण्याच्या लांबलचक शेड, तोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गाड्या. फक्त आमच्याकडे द्राक्षं परदेशी जातात, इथे निम्मी वाळवतात. रेखा पहिल्यांदाच पुढे बसली होती, गुंडाळलेली छापरी माझ्या चादरीत लपेटून मांडीवर. ती बोलत होती, इतक्या दिवसांत बोलली नाही तेवढं. हौद कसा भरायचा, चाचांची खाट शेडमध्ये कशी न्यायची, त्यांना उठवता आलं नाही तर खाट हौदाच्या कडेला लावायची म्हणजे मान वळवून त्यांना दिसेल. लगदा तयारच होता. आजारी पडायच्या आधी चाचांनी स्वतः उभं राहून कुटून घेतलेला, माठात पाण्याखाली ठेवलेला.

"पयला ताव बिघडंल," ती म्हणाली. "दुसरा बी. तिसऱ्याला त्ये सांगतील काय चुकलं."

पलूसला चहाला थांबलो. फोन आला तेव्हा तिच्या हातात कप होता. चाचांचा मुलगा बोलत होता. पहाटेच्या नमाजाच्या सुमाराला गेले. आईने सांगू नका म्हटलं होतं, रस्त्यात गाडी चालवताय म्हणून, पण दुपारच्या नमाजानंतर नेणार आहेत, तर सांगावं वाटलं.

रेखाने "बरं" एवढंच म्हटलं. कप टेबलावर ठेवला. छापरी माझ्याकडे दिली आणि रस्ता ओलांडून पलीकडे ऊस तोडून मोकळ्या झालेल्या वावरात गेली. पाचट पेटवून दिलेलं होतं, जमीन काळी. तिथे मधोमध ती खाली बसली. चहावाल्याने विचारलं, "काय झालं वो बाईला?" मी म्हटलं, "वडील वारले." त्याने पैसे घेतले नाहीत.

मग आम्ही जोरात निघालो. मी इतक्या वेगाने गाडी कधी चालवली नाही. कऱ्हाडच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या एकमेकींत अडकल्या होत्या, दोन्हीकडे गाड्या थांबलेल्या. रेखा उतरून पुढे गेली, ड्रायव्हरांच्या हातापाया पडली. पण अडकलेली ट्रॉली कुणी विनवल्याने निघत नसते.

गावात शिरलो तेव्हा जनाजा गल्लीच्या टोकाला वळत होता. माणसं पुष्कळ. कागदी घर एकच उरलं होतं, पण गाव सगळा आला होता. खांदे बदलत चालले होते. रेखा गाडीतून उतरली आणि भिंतीला लागून उभी राहिली, चादरीत गुंडाळलेली छापरी छातीशी धरून. चाचांच्या मुलाने तिला पाहिलं. तो थांबला नाही, थांबता येत नव्हतं. पण त्याने मान हलवली. वळणावर हिरवी चादर दिसेनाशी झाली तरी ती तशीच उभी होती.

घरात बायका होत्या. चाचीने रेखाला जवळ ओढलं. "तोंड दावायचं हुतं गं तुला. लय वाट बगितली. पर ऊन किती, किती येळ ठिवनार." मग तिनेच छापरीवरची चादर सोडली. छापरी उलगडली, दारातून येणाऱ्या उजेडात उभी धरली. काड्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा तिच्या तोंडावर पडल्या.

"चांगली विनलीया," ती म्हणाली. "त्यास्नी आवडली असती."

"मी निघून यायला पायजे हुतं का, चाची?" रेखाने विचारलं.

चाचीने छापरी गुंडाळून कोनाड्यात ठेवली आणि तिला आत चूल बघायला लावलं. पाहुण्यांसाठी चहा ठेवायचा होता.

परत काठावर

मी निघायला हवं होतं, निघाले नाही. दुकानात फोन करून सांगितलं, आणखी थोडे दिवस. तिसऱ्या दिवसाची फातेहा झाल्यावर चाचीच म्हणाली, "लगदा नासंल. आता वास मारायला लागंल. पानी बदला न्हाईतर वापरा."

आम्ही तिघी शेडमध्ये गेलो. हौद धुतला, नदीचं पाणी आणून भरला. माठातला लगदा कालवला, काठीने ढवळला. पाणी ताकासारखं दिसायला लागलं. चाचीला गुडघ्यामुळे बसता येत नव्हतं, तिच्यासाठी खुर्ची आणली. लग्न होऊन आल्यापासून ती कुटायची आणि ओले ताव भिंतीला चिकटवायची, एवढंच तिचं काम. हौदात तिने कधी हात घातला नव्हता. "उचलनं त्यांचं, भित्त माजी," ती म्हणाली.

रेखाने छापरी चौकटीवर ठेवली, दोन्ही हातांनी धरून बुडवली, उचलली. लगदा एका अंगाला वाहून गेला. तिने चाचीकडे पाहिलं. चाचीने मान हलवली: मला नाही माहीत.

दुसरा ताव उचलला तो मध्ये विरळ, आरपार दिसणारा. तिसरा कोपऱ्यात गोळा झाला. प्रत्येक वेळी रेखा हात थांबवायची आणि उजवीकडे बघायची. तिथे खाट ठेवायची होती. मीही तिकडे बघायला लागले होते. त्यांना एकदाच, फक्त एकदा, डोळ्यांनी सांगता आलं असतं: हात जरा वर, आता हलव, आता थांब. शब्दांचीसुद्धा गरज नव्हती.

चाचीने एकही ताव टाकू दिला नाही. जाड, विरळ, फाटका, सगळे तिने खुर्चीवर बसून ब्रशने भिंतीला लावले. तिची बाजू अजून पक्की होती. ओल्या तावाखाली एक बुडबुडा राहिला नाही. संध्याकाळपर्यंत शेडची सगळी भिंत त्या वेड्यावाकड्या तावांनी भरली. रेखा हौदाच्या कडेला बसून रडत होती, आवाज न करता, पाण्यात हात तसेच ठेवून. तिला उठवायला मी गेले नाही. चाची म्हणाली, "रडू द्या. आमचं बी रडायचं ऱ्हायलंय अजून."

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला निघाले.

आता महिन्यातून एखाद्या वेळी रेखाचा फोन येतो. ती रोज काम आटपल्यावर हौदाशी बसते. आता ताव मध्ये विरळ होत नाही, पण एक कड अजून जाड येते. का ते कळत नाही. दुसऱ्या गावांतून कागद करणारे कुणी सापडतात का म्हणून मी विचारत असते. जे सापडतात त्यांची पद्धत वेगळी, किंवा त्यांनीही सोडून दिलेलं. छापरी जपून वापरते, म्हणाली. फाटली तर मल्लव्वाकडे आता जाता येणार नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. गावातल्या मंडळींनी चाचांचा मोठा फोटो करून आणला आहे, तिसऱ्या खोलीत लावायचा. खाली पितळी पाटी बसवायची आहे. मजकूर त्यांनी ठरवला होता: दस्तगीर कागदी, गावातले शेवटचे कागद करणारे.

"ताई, मी म्हटलं थांबा जरा," रेखा म्हणाली. "मला कागद येतोय असं मी म्हनत न्हाई. नीट येत न्हाईच. पर शेवटचे कसं लिवायचं?"

काय लिहायचं, ते तिने मला विचारलं. मी इतकी वर्षं पुस्तकांच्या कण्यावर नावं छापते आहे, तरी चाचीला विचार, म्हटलं. चाचीलाही विचारून झालं होतं. तिने पाटी हातात घेतली, पदराने पुसली, आणि नुसतं नाव ठेवा म्हणाली. पुढचं आता लिहू नका.

फोटो लावला आहे. खाली फक्त नाव आहे. उरलेली पाटी कोरी आहे, आणि येणारे लोक विचारतात, असं रेखा सांगत होती, मजकूर लिहायचा राहिला का म्हणून.